आबांचे साहेब आणि माझं डाऊन पेमेंट

‘‘कॅनॉलखालच्या तुकड्याला गिऱ्हाईक आलंय. एकरी १८ लाख म्हणायलाय,’’ पप्पा फोनवर म्हणाले.

रविवारची सकाळ होती. म्हणजे साडेअकरा वाजले होते. पुण्यातल्या भाड्याच्या फ्लॅटच्या एवढ्याशा बाल्कनीत मी कॉफीचा मग घेऊन बसले होते. पप्पांचं वाक्य संपायच्या आत डोक्यातला कॅल्क्युलेटर सुरू झाला. अडीच एकर, ४५ लाख. पप्पा, काका आणि आत्या असे तीन वाटे, प्रत्येकी १५. पप्पांचा वाटा माझ्या घरासाठी, हे आमच्याकडे आधीच ठरलेलं. वन बीएचकेचं डाऊन पेमेंट, स्टॅम्प ड्युटी, वर एक बरासा सोफासुद्धा! सॅलरी स्लिप नसताना ज्यांनी कधी होम लोन मागितलंय त्यांनाच माझी एक्साइटमेंट कळेल. फ्रीलान्स पत्रकार म्हटलं की बँकेतला माणूस आधी चहा विचारायचा थांबतो. डाऊन पेमेंट मोठं असेल तर निदान बसा तरी म्हणतो.

‘‘आबांच्या ट्रंकेतले कागद काढायचेत. तू ये एकदा,’’ पप्पा म्हणाले. शुक्रवारी रात्री मी स्लीपर ट्रॅव्हल्समध्ये चढले.

आमचं गाव हिंगोली जिल्ह्यात, वसमत तालुक्यात. पुण्यात हिंगोली म्हटलं की समोरचा ‘‘म्हणजे नांदेडजवळ ना?’’ असं विचारतो आणि मी ‘हो’ म्हणून विषय संपवते. खरं तर १ मे १९९९ पर्यंत आम्ही परभणी जिल्ह्यात होतो. आजी अजूनही कुणी विचारलं की परभणीच सांगते. नकाशा बदलला म्हणून आपण का बदलायचं, असा तिचा साधा फंडा आहे.

तर आबांची खोली. तिथे भिंतीवर तीन फोटो आहेत. एक औंढ्याच्या नागनाथाचा, दुसरा आबांच्या वडिलांचा आणि तिसरा पेपरातून कापून फ्रेम केलेला, चष्मा लावलेल्या एका गंभीर गृहस्थांचा. लहानपणी मला ते आमचे कुणीतरी लांबचे आजोबा वाटायचे. दिवाळीला तिन्ही फोटोंना हार चढायचे, मग दुसरं काय वाटणार? सात-आठ वर्षांची असताना मी विचारलं, ‘‘आबा, हे आपले कोण?’’

‘‘हे साहेब. आपल्या शेतात पाणी आणलं ते,’’ आबा म्हणाले.

साहेब म्हणजे शंकरराव चव्हाण. महाराष्ट्राचे दोनदा मुख्यमंत्री, देशाचे गृहमंत्री, अर्थमंत्री, संरक्षणमंत्री. पण हे सगळं मला मास कॉमच्या पहिल्या वर्षाला कळलं. तोवर ते माझ्यासाठी फक्त पाणी आणणारे बाबा होते. मला वाटायचं, त्यांनी स्वतः पाट खोदला असणार.

निघायच्या आदल्या दिवशी बॅग भरताना माझ्या फ्लॅटमेटला हे सांगत होते. ती मुंबईची. नाव ऐकल्यावर तिने लॅपटॉपमधून मान वर केली. ‘‘एस. बी. चव्हाण? बाबरीच्या वेळचे होम मिनिस्टर ना?’’ तिचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. पण तिच्या घरी डिसेंबर ९२ आणि जानेवारी ९३ हे दोन महिने वेगळेच मोजले जातात. तिच्या आईबाबांनी त्या महिन्यांत बिल्डिंगच्या गच्चीवर रात्र-रात्र पहारा दिला होता. ६ डिसेंबर १९९२ला मशीद पडली तेव्हा पंतप्रधान नरसिंह राव होते आणि गृहखातं शंकररावांकडे होतं. तिच्या दृष्टीने एवढी माहिती पुरेशी होती. मी काही बोलले नाही. काय बोलणार? ‘‘हो, पण आमच्याकडे कॅनॉल आहे,’’ असं म्हणणं जरा विचित्रच वाटलं असतं.

ट्रॅव्हल्समध्ये झोप लागली नाही. मोबाइलवर त्यांचा सगळा प्रवास वाचत बसले. जन्म १४ जुलै १९२०, पैठण. तेव्हा पैठण निजामाच्या राज्यात. वकिली शिकले, स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रभावात आले, हैदराबाद मुक्तिसंग्रामात उतरले. मग नांदेडचं नगराध्यक्षपद, १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्यात उपमंत्री आणि तिथून गाडी जी सुटली ती १९९६पर्यंत. चाळीस वर्षं! मधे थोडे थांबे आहेत, पण एवढ्या काळात आपल्याकडे लोक किती जॉब बदलतात बघा ना.

त्यातला एक टप्पा तर कुठल्याही ऑफिसात काम करणाऱ्याने वाचावा असा आहे. २१ फेब्रुवारी १९७५ला ते मुख्यमंत्री झाले, मराठवाड्यातून झालेले पहिलेच. मे १९७७मध्ये पायउतार झाले. पुढच्याच वर्षी, १९७८ला शरद पवार वयाच्या ३८व्या वर्षी मुख्यमंत्री झाले. हे पवार शंकररावांच्या मंत्रिमंडळात मंत्री होते. आणि आता त्यांच्या मंत्रिमंडळात शंकरराव मंत्री म्हणून बसले! म्हणजे कल्पना करा, तुम्ही कंपनीचे सीईओ होता. वीस वर्षांनी लहान असलेला तुमचा माणूस सीईओ झाला आणि तुम्ही त्याच्या हाताखाली डिपार्टमेंट सांभाळताय. आपण तर त्याच दिवशी लिंक्डइन अपडेट केलं असतं. त्यांनी फाइल उघडली असणार. मग १९८०नंतर दिल्ली, शिक्षण, नियोजन, संरक्षण, गृह अशी खाती. १९८६ला परत मुंबईत मुख्यमंत्री, १९८८ला परत दिल्लीत अर्थमंत्री, १९९१ ते ९६ पुन्हा गृह. पक्षाने बोलावलं की तिकडे जायचं. हा माणूस बॅग अनपॅक तरी करत होता की नाही, कोण जाणे.

लोक त्यांना ‘हेडमास्तर’ म्हणायचे. कौतुकानेही आणि वैतागूनही. वेळ, शिस्त, फाइल, खर्च. दुसऱ्यांदा मुख्यमंत्री असताना त्यांनी राज्यात झिरो बजेट आणलं. म्हणजे गेल्या वर्षी खर्च केला म्हणून याही वर्षी पैसे मिळतील हे बंद. प्रत्येक योजनेने शून्यापासून सिद्ध करायचं, आपली गरज आहे का. हे वाचताना मला माझा महिन्याचा खर्च आठवला आणि मी पटकन पुढचं पान उघडलं.

सकाळी घरी पोचले. चहा झाल्यावर पप्पा म्हणाले, ‘‘चल, आधी शेत बघून येऊ.’’ विकायच्या आधी बघायला चाललोय, हे दोघांनाही माहीत होतं.

आता कॅनॉलबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण शहरात पाणी म्हणजे नळ किंवा टँकर. पूर्णा नदीवर वर परभणी जिल्ह्यात जिंतूर तालुक्यात येलदरी धरण आहे. त्याच्या खाली औंढा नागनाथ तालुक्यात सिद्धेश्वर. येलदरीत पाणी साठतं, ते सोडलं की सिद्धेश्वरमध्ये येतं आणि तिथून कालव्यात. कालव्यातून चारी, चारीतून पोटचारी आणि शेवटी तुमच्या बांधावर. ही पूर्णा प्रकल्पाची दोन्ही धरणं १९६८ साली पूर्ण झाली. १९६०च्या दशकात बरीच वर्षं राज्याचं पाटबंधारे खातं शंकररावांकडे होतं.

पत्रकार असल्यामुळे एक सांगितलंच पाहिजे. ‘धरण साहेबांनी बांधलं’ हे आबांचं वाक्य मी आज कुठल्या बातमीत जसंच्या तसं छापू देणार नाही. धरण एक माणूस बांधत नाही. त्यात इंजिनीअर असतात, पाट्या वाहणारी माणसं असतात, आपलं गाव पाण्याखाली सोडून उठलेली माणसं असतात. त्यांचे फोटो आमच्या भिंतीवर नाहीत. पण मंत्री कोण आहे याने फरक पडतो हेही खरं. कुठल्या फाइलवर सही व्हायची, कुठली पडून राहायची, हे मुंबईत ठरतं. आणि मराठवाडा तेव्हा महाराष्ट्रात नवा नवा आलेला भाग होता. आबा उर्दू शाळेत शिकलेले, रझाकारांच्या भीतीने लहानपणी रात्री शेतात झोपलेले. त्यांना मुंबईच्या सरकारात आपल्याकडचा एक माणूस बसलाय याचंच केवढं अप्रूप होतं!

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये मी चार महिने गावी होते. तेव्हा एका संध्याकाळी आबांनी पैठणची गोष्ट सांगितली होती. जायकवाडीचं भूमिपूजन लालबहादूर शास्त्रींनी १८ ऑक्टोबर १९६५ला केलं आणि २४ फेब्रुवारी १९७६ला इंदिरा गांधींनी धरण लोकांना अर्पण केलं. मुख्यमंत्री शंकरराव, गाव त्यांच्या जन्माचं. जायकवाडीच्या पाण्याशी आमच्या शिवाराचा काही संबंध नाही. तरी आबा गावातल्या पंचवीस-तीस लोकांबरोबर ट्रकमध्ये उभे राहून पैठणला गेले होते. ‘‘काय बघितलं तिथे?’’ मी विचारलं. ‘‘धूळ,’’ आबा म्हणाले. ‘‘आन् लई लांबून साहेब.’’

आमचा तुकडा चारीच्या टेलला आहे. टेल म्हणजे शेवट. हेडला पाणी धो-धो, मधे बरं, टेलला नशिबात असेल तर. रब्बीत पाण्याच्या पाळ्या सुटतात. त्यासाठी नमुना ७ भरून पाण्याची मागणी करायची, पाणीपट्टी भरायची आणि मग रात्री-बेरात्री टॉर्च घेऊन चारीवर बसायचं. वरच्याने दार उघडं ठेवलं की आपल्याकडे नुसता ओलावा. आबांची निम्मी भांडणं या चारीवर झाली. वर बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णा धरण झाल्यापासून येलदरीतच पाणी कमी येतं, असं इकडचे शेतकरी सांगतात. धरण भरलं नाही तर हेडवालेही रडतात, टेलवाल्याचं कोण ऐकणार?

त्या दिवशी चारी कोरडी होती. तळाला वाळलेलं गवत, एक गुटख्याची पुडी, एक चप्पल. शेतात हळद काढणीला आलेली, पानं पिवळी पडून आडवी झालेली. विहिरीच्या पाण्यावर कशीबशी आणली होती. वसमतच्या हळदीला २०२४ साली जीआय मानांकन मिळालं तेव्हा मी इन्स्टावर स्टोरी टाकली होती, ‘माय हळद, माय प्राइड’. त्या हळदीत मी शेवटचं कधी वाकले होते, आठवत नाही.

घरी येऊन ट्रंक उघडली. सातबारा, फेरफार, सोसायटीची बाकी आणि खाली दोरीने बांधलेला पाणीपट्टीच्या पावत्यांचा गठ्ठा. १९७०पासूनच्या. एकेक वर्ष लावून ठेवलेलं. बऱ्याच पावत्यांच्या मागे आबांनी पेन्सिलीने लिहिलंय. ‘दोन पाणी मिळाले’. ‘पाणी नाही’. ‘तिसरे पाणी रात्री ३ वा.’ पाणी न आलेल्या वर्षीसुद्धा पैसे भरलेत. ‘‘हे कशाला भरले?’’ मी पप्पांना विचारलं. ‘‘बाकी ठेवली तर पुढच्या साली मागणी घेत नाहीत,’’ पप्पा म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, ‘‘आन् ते म्हणायचे, साहेबाचं पाणी आहे, फुकट कसं घ्यायचं.’’

मी गठ्ठ्यात १९७६ची पावती शोधायला लागले, पैठणचं वर्ष म्हणून. आजी कोपऱ्यात हळदीचे कोंब निवडत बसली होती. वर्ष ऐकलं आणि हसायला लागली.

‘‘त्या साली तुझा आजा आठ दिस उसात निजला, माय.’’

‘‘कशाला?’’

‘‘नसबंदीची गाडी येणार म्हणून आवई उठली होती ना! चार लेकरं होती आम्हाला. भाकर मी बांधावर ठेवून यायचे.’’

गाडी आलीच नाही. नुसती अफवा. पण आबा आठ रात्री ज्या उसात झोपले तो हेडच्या शेतकऱ्याचा होता. ज्या उसाने टेलचं पाणी पिलं म्हणून आबा जन्मभर शिव्या घालायचे, त्याच उसात! पप्पांना ही गोष्ट पहिल्यांदाच कळत होती. आम्ही दोघं पोट धरून हसलो.

हसू ओसरल्यावर मात्र मला ते तसंच सोडता येईना. आणीबाणीचं ते वर्ष होतं. १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक चक्क मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही, इतकंच. मुख्यमंत्री कोण? भिंतीवरच्या फोटोतले. आणीबाणीत ते इंदिरा गांधींच्या बाजूने ठाम उभे होते, यात लपवण्यासारखं काही नाही. जो माणूस वेळेवर येण्याची शिस्त लावतो, तोच ‘घरात मुलं किती’ याचीही शिस्त लावायला निघतो, असं काही असेल का? मला हेडमास्तर हे नाव तोवर क्यूट वाटत होतं. आजीच्या गोष्टीनंतर वाटेना.

‘‘आणि तरी आबांनी फोटो काढला नाही?’’ मी आजीला विचारलं.

‘‘फोटो कशाला काढायचा? पाणी येतच होतं की,’’ आजी म्हणाली आणि परत कोंब निवडायला लागली.

आबांचं साहेबांशी कधीच बिनसलं नाही, असं मात्र नाही. इसापूर धरणावरून ते बोलायचे. पैनगंगेवरचं हे धरण आपल्या कळमनुरी तालुक्याच्या हद्दीवर, पण पाण्याचा मोठा लाभ खाली नांदेड जिल्ह्याला. हिंगोलीच्या सिंचनाचा अनुशेष हा आमच्याकडे प्रत्येक निवडणुकीत निघणारा शब्द आहे. ‘‘साहेब शेवटी नांदेडचे,’’ असं आबा चार लोकांत म्हणायचे नाहीत, घरात म्हणायचे.

पण एका गोष्टीत ते शेवटपर्यंत साहेबांच्या बाजूने होते. १९८७च्या सुमारास शंकररावांनी आठमाही पाण्याचं धोरण लावून धरलं. म्हणजे कालव्याचं पाणी खरीप आणि रब्बीला, आठ महिने. बारमाही पिकाला नाही. बारमाही पीक म्हणजे मुख्यतः ऊस. उसाला बारा महिने पाणी दिलं की थोड्या लोकांचं भलं होतं. तेच पाणी आठ महिन्यांत वाटलं की जास्त शेतांपर्यंत पोचतं, असा साधा हिशेब. महाराष्ट्रात साखर कारखान्यांचं राजकारण किती जोरात आहे हे लक्षात घेतलं तर कुठल्या मुख्यमंत्र्याने हे बोलणं म्हणजे कमालच होती. ऊसवाले भडकले. आमच्या गावातही हेडचे लोक साहेबांना वाट्टेल ते बोलायचे आणि आबा एकटे पारावर त्यांची बाजू मांडायचे. अर्थात! टेलचा माणूस दुसरं काय करणार? साहेब १९८८ला दिल्लीला गेले. ऊस कुठेच गेला नाही.

दुपारी चारला गिऱ्हाईक आलं. पन्नाशीचे, सभ्य गृहस्थ, नांदेडला दुकान. आत्याही आली होती. चहा झाला, पोहे झाले. त्यांनी सातबारा बघितला, रस्त्याचं विचारलं, विहिरीचं विचारलं. मी दारात उभी राहून मनात फ्लॅटचे पडदे निवडत होते. आणि मग त्यांनी विचारलं,

‘‘कॅनॉलखाली म्हणता. पण टेलला पाणी येतं का?’’

आत्याने पप्पांकडे बघितलं. काकांनी खाली बघितलं. ‘येतं’ एवढाच शब्द बोलायचा होता. अगदी खोटंही नव्हतं, येतं की कधीकधी. मला मनापासून वाटलं, पप्पांनी म्हणावं ‘येतं’. हे लिहिताना लाज वाटतेय, पण वाटलं.

पप्पा उठले, आत गेले आणि पावत्यांचा गठ्ठा घेऊन बाहेर आले. त्या गृहस्थांच्या हातात दिला. ‘‘मागं लिहिलेलं आहे सगळं. आमचे आबा लिहून ठेवायचे.’’

त्यांनी बराच वेळ चष्मा वर-खाली करत पावत्या उलटल्या. शेवटची दहा-बारा वर्षं जरा सावकाश. मग गठ्ठा नीट बांधून परत दिला आणि म्हणाले, ‘‘१४ने बघा. मी पण विचार करून कळवतो.’’

एकरी १४, म्हणजे माझ्या वाट्याला साडेअकराच्या आसपास. सोफा गेला, पडदे गेले, स्टॅम्प ड्युटीचं वांधं. आत्या पप्पांवर चिडली. काका काही बोलले नाहीत. रात्री जेवताना पप्पा मला म्हणाले, ‘‘तुझं नुकसान केलं का ग मी?’’ मी ‘नाही’ म्हणाले, पण जरा उशिरा म्हणाले. ते त्यांच्या लक्षात आलं.

शंकरराव गेले २६ फेब्रुवारी २००४ला. आबा गेले २०२३च्या पावसाळ्यात. पुढच्याच फेब्रुवारीत शंकररावांचे चिरंजीव अशोक चव्हाण, तेही माजी मुख्यमंत्री, काँग्रेस सोडून भाजपमध्ये गेले. त्या दिवशी आमच्या फॅमिली ग्रुपवर काकांनी आबांचा फोटो टाकून लिहिलं, ‘बरं झालं, आज नाहीत.’ आत्याने उलट लिहिलं, ‘आबा म्हणाले असते, पाण्याचं काय ते सांगा.’ दोघांचंही खरं असू शकेल.

पुण्यात परत आल्यावर फ्लॅटमेटला सगळं सांगितलं, उसातली रात्रही. ती हसली, मग म्हणाली, ‘‘म्हणजे तुझे आबा त्यांना घाबरून लपले आणि हारही घालत राहिले?’’ मी म्हटलं, ‘‘हो.’’ ती म्हणाली, ‘‘माझे बाबा नसते राहिले.’’ मी म्हटलं, ‘‘माहितीये.’’ आणि आम्ही मॅगी केली.

त्या गृहस्थांचा अजून फोन नाही. जमीन आहे तिथेच आहे, मीही भाड्याच्या फ्लॅटमध्येच आहे. मागच्या आठवड्यात एका मीटिंगमध्ये असताना पप्पांचा व्हिडिओ आला. अकरा सेकंदांचा, हललेला, रात्रीचा. टॉर्चच्या उजेडात चारीतून गढूळ पाणी येतंय, पुढे ती वाळकी पानं आणि ती गुटख्याची पुडी ढकलत. मागून पप्पांचा आवाज, कुणाला तरी ओरडून सांगतायत, ‘‘दार लावू नको रे, अजून इकडं आलं नाही!’’

खाली त्यांनी टाइप केलं होतं, ‘पहिले पाणी, रात्री २.४० वा.’